सर्वधर्म संवाद गट सुरू केला खरा, पण तिथे बोलायचं काय?

वाटाड्या (धागाकर्ता)

मंडळी, अनुभवी लोकांचा सल्ला हवा आहे.

आम्ही राहतो तिथे तीन-चार धर्मांची कुटुंबं वर्षानुवर्षं शेजारी राहतात. भांडणं नाहीत, पण येणंजाणंही फारसं उरलेलं नाही. मध्यंतरी एका व्हिडिओवरून आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चांगलीच जुंपली. काही जण ग्रुप सोडून गेले आणि त्यानंतर जिन्यात भेटलेली माणसं नुसती मान हलवून पुढे जायला लागली. म्हणून आम्ही काही जणांनी मिळून संवाद गट काढला. पहिल्या बैठकीला हॉल भरला. प्रत्येक धर्माचा एक जाणकार बोलावला होता, प्रत्येकाने आपल्या धर्मातली शांततेची शिकवण सांगितली, टाळ्या झाल्या, फोटो झाले. दुसऱ्या बैठकीला निम्मेच आले. तिसऱ्या वेळी आम्ही संयोजकच एकमेकांची तोंडं बघत बसलो.

धर्मावर बोलावं की मुद्दाम टाळावं? वादाचे विषय काढले तर आहे तेही तुटेल का? आणि मुळात अशा बैठकांनी काही फरक पडतो याला काही आधार आहे, की आपण आपल्याच मनाची समजूत घालतोय?

रोखठोक

स्पष्ट लिहितो, राग नसावा. अशा गटांत येतात ते आधीच समंजस असतात. ज्यांच्याशी बोलायला हवं ते तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. 1893 साली शिकागोला सर्वधर्म परिषद भरली, भाषणं गाजली, आणि तेव्हापासून परिषदांना खळ नाही. संयुक्त राष्ट्रांनी 2010 मध्ये ठराव करून फेब्रुवारीचा पहिला आठवडा आंतरधर्मीय सलोख्यासाठी राखून ठेवला. आठवडा येतो नि जातो. दंगलखोर कॅलेंडर बघून दंगल करत नाहीत. कायदा नीट राबवा, गुन्हा करणाऱ्याला शिक्षा होऊ द्या, शांतता राहते. बाकी सगळा हौसेचा मामला.

जुनी_खोड

रोखठोक, तुमचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. कुठलं निम्मं ते पुढे सांगते. आधी धागाकर्त्यांचा प्रश्न.

वाटाड्या, तिसऱ्या बैठकीला माणसं का आली नाहीत याचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. हॉल भरला, जाणकार बोलले, टाळ्या झाल्या. आलेल्या माणसाला तिथे काम काय होतं? ऐकून घेणं. ते तर घरबसल्याही होतं. शिवाय प्रत्येक धर्मात शांततेची शिकवण आहे हे ऐकून कुणाचं मत बदलत नाही, कारण ते कुणी नाकारतच नव्हतं. शेजाऱ्याच्या मनात खदखदतं ते वेगळंच असतं: 'ग्रुपवर तो व्हिडिओ पडला तेव्हा तुम्ही गप्प का बसलात?' हे विचारायला तुमच्या कार्यक्रमात जागाच नव्हती.

मी अशा गटांच्या बैठका चालवण्याचं काम बरीच वर्षं करते आहे. माझं मत असं झालं आहे की सुरुवात धर्मापासून करू नये आणि धर्मापर्यंत पोचल्याशिवाय थांबूही नये. आधी एकत्र काम, मग अवघड बोलणं. क्रम उलटा लावला की तुमच्यासारखं होतं. आणि दुसरा टप्पा कायमचा टाळला की गट गोडीगुलाबीने चालतो, पण खऱ्या तणावाच्या पहिल्याच रात्री त्यातला कुणी फोन उचलत नाही.

आधाराचं विचारलंत. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये मांडलं होतं की दोन समूहांची माणसं नुसती समोरासमोर आणून पूर्वग्रह कमी होत नाहीत. त्या भेटीत दोघांचा दर्जा बरोबरीचा हवा, दोघांनाही हवंसं काहीतरी सामाईक असावं, ते मिळवायला एकमेकांची मदत लागावी, आणि प्रशासन, कायदा, संस्था यांचा त्याला उघड पाठिंबा असावा. 2006 मध्ये पेटिग्र्यू आणि ट्रॉप या संशोधकांनी 515 अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला. संपर्काने पूर्वग्रह साधारणपणे कमी होतात असंच त्यात निघालं, आणि ऑलपोर्टच्या अटी पाळल्या तिथे परिणाम जास्त दिसला. आता या अटी तुमच्या पहिल्या बैठकीला लावून बघा. व्यासपीठावर चौघं, खाली बाकीचे. सामाईक उद्दिष्ट काय, तर कार्यक्रम वेळेत उरकणं.

दुसरा आधार राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांचा. त्यांनी भारतातल्या सहा शहरांच्या तीन जोड्या लावल्या: अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. हिंदू-मुस्लिम लोकसंख्येचं प्रमाण मिळतंजुळतं, पण एका शहरात वारंवार दंगली आणि दुसऱ्यात बहुतेक शांतता, असं का? 2002 मध्ये पुस्तकरूपाने आलेलं त्यांचं उत्तर असं की शेजारधर्म, सणांच्या शुभेच्छा, मुलांनी एकत्र खेळणं हे सगळं चांगलंच, पण शहरात मोठा तणाव आला की ते पुरं पडत नाही. टिकतात त्या मिश्र संघटना. व्यापाऱ्यांच्या, कामगारांच्या, वकील-डॉक्टरांच्या. तिथे दोन्हीकडच्या माणसांची गरज एकमेकांत अडकलेली असते, त्यामुळे अफवा आली की आधी फोन जातो.

भिवंडीचं उदाहरण बहुतेकांना माहीत असेल. 1970 आणि 1984 मध्ये तिथे भीषण दंगली झाल्या होत्या. 1988 मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि पोलीस नेमाने एकत्र बसायला लागले, गल्लीतल्या बारीकसारीक कुरबुरी तिथेच मिटायला लागल्या. डिसेंबर 1992 मध्ये शेजारी मुंबई पेटली आणि भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांची वर्षानुवर्षांची ओळख त्या दिवशी कामाला आली. दंगल पेटल्यावर 7 डिसेंबरला शांतता समिती नेमून हे होत नसतं. (अवांतर: उत्तर आयर्लंडमधलं कोरिमीला हे सलोखा केंद्रही 1965 मध्ये सुरू झालं, म्हणजे तिथला तीस वर्षांचा हिंसाचार भडकायच्या आधी. नंतर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही पंथांच्या लोकांना एकत्र बसायला ती जागा होती.)

मग काम कुठलं? माझ्या मते तुमच्यासारख्या गटाने घ्यावं असं सगळ्यात चांगलं काम म्हणजे अफवा तपासणं. ते एका बाजूला एकट्याने जमूच शकत नाही. पलीकडच्या गल्लीत काय झालं हे पलीकडचाच सांगू शकतो, आणि त्याचं म्हणणं अलीकडच्यांना पटवायला अलीकडचाच माणूस लागतो.

एका गटातला प्रसंग सांगते. रात्री उशिरा एक फोटो फिरायला लागला. एका प्रार्थनास्थळाच्या बाहेर गर्दी, आणि खाली ओळ: 'आपल्या पोराला मारलं, सगळ्यांनी पोचा.' गटात आधीच ठरलेलं होतं की जिथली बातमी तिथल्याच सभासदाला फोन करायचा, आणि त्याने एकट्याने न जाता दुसऱ्या समाजातल्या एकाला बरोबर घेऊन जायचं. दोघं गेले. दोन दुचाकींची धडक झाली होती. पोराचा गुडघा सोलवटला होता आणि ज्याची गाडी लागली तोच त्याला मागे बसवून दवाखान्यात घेऊन गेला होता. फोटोतली गर्दी होती ती गाड्या बाजूला करणाऱ्यांची. दोघांनी तिथेच उभं राहून एक संदेश लिहिला. आम्ही स्वतः काय पाहिलं, लोकांकडून काय ऐकलं, आणि काय अजून कळलेलं नाही. खाली दोघांचीही नावं. तोच मजकूर, एक अक्षरही न बदलता, दोन्हीकडच्या ग्रुपांवर गेला. 'अफवांवर विश्वास ठेवू नका' हे वाक्य त्यात मुद्दाम नव्हतं. ते वाचून माणूस उलट जास्त घाबरतो.

आता दोघांच्या नावाने गेलेला असा एक संदेश आणि तुमच्या हॉलमधली चार भाषणं, यातलं लोकांच्या लक्षात काय राहील?

केनियात ताना नदीच्या खोऱ्यात 2012-13 मध्ये शेतकरी पोकोमो आणि पशुपालक ओरमा यांच्यात मोठा हिंसाचार झाला. त्यानंतर तिथे 'उना हाकिका' नावाची अशीच व्यवस्था उभी राहिली. कानावर आलेली गोष्ट मोबाइलवरून कळवायची, स्वयंसेवक खातरजमा करायचे, आणि काय खरं निघालं ते लोकांना परत कळवलं जायचं. तुम्हाला एवढा पसारा मांडायची गरज नाही. दहा-बारा विश्वासाची माणसं आणि फोन उचलायची तयारी पुरते.

वाटाड्या (धागाकर्ता)

ताई, सविस्तर प्रतिसादाबद्दल आभार. अफवांचं पटलं, याच महिन्यात यादी करतो. पण 'धर्मापर्यंत पोचल्याशिवाय थांबू नये' म्हणजे नेमकं काय? आमच्यात एक ज्येष्ठ आहेत, कुठलाही टोकदार प्रश्न आला की ते 'अहो, शेवटी सगळे धर्म एकच सांगतात' म्हणून विषय संपवतात. सगळे माना डोलावतात आणि बैठक पुढे सरकते.

जुनी_खोड

प्रत्येक गटात असे एक ज्येष्ठ असतातच, आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण त्या वाक्याने होतं असं की ज्याला काही विचारायचं होतं तो गप्प बसतो आणि ज्याची श्रद्धा पक्की आहे तो दुखावतो. देव एकच आहे असं मानणारा, देव अनेक रूपांत पुजणारा आणि देवाची गरजच न मानणारा, हे तिघं एकच सांगत नाहीत. त्यांच्यात फरक आहे आणि तो त्यांच्यासाठी जिवाभावाचा आहे. फरक असूनही शेजारी राहायचं, हा तर खरा प्रश्न. फरकच नाकारला तर बोलायला उरलं काय?

लेनर्ड स्विडलर या अमेरिकी अभ्यासकाने 1983 मध्ये संवादाचे दहा नियम लिहिले. त्यातला मला सगळ्यात उपयोगी पडलेला नियम असा: आपल्या आदर्शाची तुलना दुसऱ्याच्या आदर्शाशी करावी आणि आपल्या आचरणाची दुसऱ्याच्या आचरणाशी. आपण सर्रास काय करतो? आपला ग्रंथ घेतो आणि त्यांची बातमी घेतो. स्वीडनचे बिशप क्रिस्टर स्टेन्डाल यांनी 1985 मध्ये स्टॉकहोमला मॉर्मन पंथाच्या मंदिराला विरोध होत असताना याच चालीवर तीन गोष्टी सांगितल्या होत्या. एखाद्या धर्माविषयी जाणून घ्यायचं तर तो पाळणाऱ्याला विचारा, त्याच्या विरोधकाला नको. आपलं उत्तम आणि त्यांचं वाईट अशी जोडी लावू नका. आणि तिसरी जरा अवघड: दुसऱ्याच्या धर्मात असं काही शोधा की ज्याचा तुम्हाला हेवा वाटेल.

हा तिसरा प्रश्न बैठकीत विचारून बघा. लोक आधी हसतात, मग बराच वेळ कुणी बोलत नाही, आणि मग जी उत्तरं येतात ती कुठल्याही व्याख्यानात मिळत नाहीत. एका बाईंनी सांगितलं होतं, 'तुमच्यात दिवसातून ठरलेल्या वेळा आहेत, काम टाकून उठावंच लागतं. माझी प्रार्थना कायम उद्यावर जाते.'

अवघड विषयाच्या बैठकीला मी एकच पद्धत वापरते. पाच-सहा जणांचं छोटं वर्तुळ, व्यासपीठ नाही. पहिल्याने बोलायचं, आणि 'आमच्या धर्मात असं आहे' असं न म्हणता 'माझ्या बाबतीत असं झालं' असं सांगायचं. दुसऱ्याने उत्तर देण्याआधी पहिल्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं. पहिला 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं म्हणेपर्यंत दुसऱ्याला स्वतःचं मत मांडता येत नाही. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण मी असे गृहस्थ पाहिले आहेत की ज्यांना समोरच्याचं एक साधं वाक्य परत सांगताना पुन्हा पुन्हा अडखळायला होतं, कारण दर वेळी वाक्याच्या शेवटी त्यांचं स्वतःचं उत्तर चिकटून यायचं. समोरचा शांतपणे म्हणायचा, 'नाही, एवढं मी म्हटलं नव्हतं.' चौथ्या-पाचव्या खेपेला जमतं तेव्हा दोघांचाही आवाज आपोआप खाली आलेला असतो.

विषय मात्र टप्प्याटप्प्याने. आधी भोंगे, मिरवणुकीचे रस्ते, वाहनं लावायची जागा असे वाटाघाटीने सुटणारे. आंतरधर्मीय लग्न, धर्मांतर, इतिहासातल्या जखमा हे नंतर, गटाने एकदा तरी एकत्र काही निभावून नेलं की.

नीलपक्षी

इथे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी अल्पसंख्य समाजातली आहे आणि अशा दोन गटांत जाऊन बाहेर पडले आहे. कारण भांडण नव्हे, कंटाळा. जगात कुठेही काही झालं की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळायच्या. 'तुमच्या लोकांना याबद्दल काय वाटतं?' आमचे लोक म्हणजे कोण? मी निषेध केला की 'बघा, ह्या किती चांगल्या आहेत' आणि नाही केला की शंका. बाकीचे बैठकीला शेजारी म्हणून यायचे आणि मी आरोपीची वकील म्हणून. बरोबरीचा दर्जा ही अट लिहायला सोपी आहे, ताई.

जुनी_खोड

नीलपक्षी, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. संख्येने जास्त असलेल्याला संवाद म्हणजे संध्याकाळचा चांगला उपक्रम वाटतो, आणि संख्येने कमी असलेल्याला ती तोंडी परीक्षा होते. म्हणून संयोजकाने पहिल्याच दिवशी दोन गोष्टी मोठ्याने सांगायच्या. इथे कुणीही आपल्या धर्माचा प्रतिनिधी नाही. आणि कुणालाही दुसऱ्या कुणाच्या कृत्याचा निषेध करायला सांगितलं जाणार नाही. सांगून भागत नाही हे कबूल. कुणी तसा प्रश्न विचारला की तिथल्या तिथे थांबवावं लागतं, भले विचारणारा गटाला हॉल मिळवून देणारा असो. संयोजकांची जोडी वेगवेगळ्या समाजांतली असावी, आणि विषय कुठला घ्यायचा हे ठरवण्यात संख्येने कमी असलेल्यांना नकाराधिकार असावा. बैठकीची जागासुद्धा फिरती ठेवावी. कायम एकाच्याच अंगणात भेटलं की दुसरा कायम पाहुणा राहतो.

आणखी एक. तुमच्यासारख्या बायका बाहेर पडतात तेव्हा गट फक्त एक सभासद गमावत नाही. वाजिरची गोष्ट यासाठी सांगते. केनियाच्या ईशान्येला हा भाग आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला दुष्काळ पडला आणि कुळाकुळांत रक्तपात सुरू झाला. धर्म सगळ्यांचा एकच, इस्लाम. तेव्हा 'धर्मामुळे भांडणं होतात' हे तिथे लागू पडत नव्हतं. देखा इब्राहिम अब्दी आणि इतर काही बायकांनी सुरुवात केली ती बाजारापासून. कुठल्याही कुळातली बाई तिथे येऊन विकू शकेल आणि विकत घेऊ शकेल असं त्यांनी आपसात ठरवलं, आणि ते पाळलं जातंय का हे बघायला बायकांचीच समिती नेमली. बाजार चालू राहिला. मग त्या वडीलधाऱ्यांकडे गेल्या, तरुणांकडे गेल्या, सरकारी अधिकाऱ्यांकडे गेल्या, आणि 1995 पर्यंत यातून वाजिर शांतता आणि विकास समिती उभी राहिली. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियातही 2003 मध्ये यादवी युद्ध थांबावं म्हणून ख्रिस्ती आणि मुस्लिम बायका एकत्र बसल्या, लेमा बोवी त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक. घानाच्या राजधानीत, अक्राला, शांततेच्या वाटाघाटी रेंगाळल्या तेव्हा या बायकांनी सभागृहाचं दारच अडवलं. ऑगस्टमध्ये करार झाला. 2011 च्या शांतता नोबेलमध्ये बोवींचाही वाटा होता. या बायकांना आधी एकमेकींच्या धर्मग्रंथांवर एकमत करावं लागलं नाही.

आकडेमोड

ऑलपोर्टचा विषय निघालाच आहे तर एक थंड पाण्याचा हबका. 2020 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात सलमा मूसा यांचा अभ्यास आला होता. इराकमध्ये आयसिसमुळे विस्थापित झालेल्या ख्रिस्ती तरुणांच्या हौशी फुटबॉल संघांपैकी काही संघांत सोडतीने मुस्लिम खेळाडू घातले, काहींत ख्रिस्तीच. मिश्र संघांतले खेळाडू नंतर मुस्लिम खेळाडूंशी जास्त चांगले वागले. पुढच्या हंगामात मिश्र संघात नाव द्यायला तयार झाले, सहा महिन्यांनीसुद्धा त्यांच्याबरोबर सराव करत होते. पण मैदानाबाहेर? मुस्लिमबहुल मोसुलमध्ये जाणं किंवा मिश्र समारंभाला हजेरी लावणं यात ठोस फरक दिसला नाही. म्हणजे ओळखीतला 'तो' चांगला, पण 'ते' जिथल्या तिथेच.

रोखठोक

धन्यवाद आकडेमोड. आता मीही एक टाकतो. नायजेरियातल्या कादुना शहरातले इमाम मुहम्मद अशाफा आणि पाद्री जेम्स वुये यांचं उदाहरण या विषयात नेहमी पुढे केलं जातं. 2002 च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पुढाकाराने धर्मगुरूंनी शांततेचा जाहीरनामा सही केला. नोव्हेंबरमध्ये मिस वर्ल्ड स्पर्धेवरच्या एका लेखावरून त्याच कादुनात दंगल झाली, दोनशेहून अधिक माणसं मेली. तीन महिन्यांत कागदाची किंमत कळली.

जुनी_खोड

आकडेमोड, तो अभ्यास मला आवडतो तो याच कारणासाठी. कारण तो सांगतो की मैत्रीवर किती भार टाकायचा. मैदानातली मैत्री मैदानात टिकली, सहा महिने टिकली, हे थोडं नाही. पुढचं पाऊल आपोआप पडत नाही, ते मुद्दाम टाकावं लागतं, म्हणून तर मी अवघड बोलण्याचा टप्पा वेगळा सांगितला. नुसतं एकत्र खेळून 'ते लोक' हा शब्दप्रयोग जात नाही. तो कधीतरी टेबलावर घेऊन त्यावर बोलावंच लागतं.

रोखठोक, कादुनाची माहिती तुमची बरोबर आहे. पण त्या दोघांची आधीची गोष्ट अर्धवट सोडू नका. मुहम्मद अशाफा आणि जेम्स वुये हे दोघंही 1992 च्या ख्रिस्ती-मुस्लिम हिंसाचारात परस्परविरोधी सशस्त्र टोळ्यांचे म्होरके होते. पाद्र्याचा उजवा हात त्यात गेला. इमामाचे दोन चुलतभाऊ आणि गुरू मारले गेले. म्हणजे तुम्ही वर म्हणता तसे ते 'आधीच समंजस' नव्हते. 1995 मध्ये दोघांनी मिळून संस्था काढली, आणि नोव्हेंबर 2002 नंतरही ती बंद केली नाही. जाहीरनाम्याने दंगल थांबत नाही, यावर माझं तुमचं एकमत आहे.

आणि सुरुवातीला म्हटलं होतं ते निम्मं हेच. कायद्याचा हात बाजूला ठेवून संवाद करता येत नाही. गुन्हेगार मोकाट फिरत असताना त्याच्या शेजाऱ्याला 'मन मोठं करा' म्हणणं हा संवाद नव्हे, तो अन्याय आहे. शांततेचे नॉर्वेजियन अभ्यासक योहान गाल्तुंग यांनी 1969 मध्ये फरक केला होता: मारामारी थांबली ही एक शांतता, आणि मारामारीची कारणंच हटली ही दुसरी. पहिलीला पोलीस पुरतात. पण भिवंडीत पोलिसांचं म्हणणं लोकांनी ऐकलं, कारण त्या अधिकाऱ्यांना ते आधीपासून ओळखत होते. कायदा राबवणाऱ्यालाही खरी माहिती कुठून तरी मिळावी लागते, साक्षीदार पुढे यावा लागतो, आणि पलीकडच्या समाजातल्या माणसासाठी साक्ष द्यायला कुणी उभं राहतं ते ओळखीवरच.

वाटाड्या (धागाकर्ता)

चर्चा फारच उपयोगी झाली. दोन शेवटचे प्रश्न. आमच्यात एक-दोघं नास्तिक आहेत, त्यांना घ्यावं का? आणि तो ग्रुप सोडून गेलेल्या कुटुंबांकडे कसं जावं?

जुनी_खोड

नास्तिकांना घ्याच. श्रद्धाळू माणसं एकमेकांना विचारायला कचरतात ते प्रश्न ते विचारून मोकळे होतात. फक्त नियम त्यांनाही तेच: आपलं उत्तम आणि यांचं वाईट अशी जोडी लावायची नाही. आणि 'तुम्ही सगळेच भाबडे' या सुरात आले तर दोन्ही बाजू त्यांच्याविरुद्ध एक होतील. तोही एक प्रकारचा सलोखा म्हणा, पण आपल्याला तो नको.

त्या कुटुंबांकडे गटाचं निमंत्रण घेऊन जाऊ नका. शिष्टमंडळ तर मुळीच नको. ज्याची त्यांच्याशी आधीची ओळख आहे त्या एकानेच जावं, आणि व्हिडिओ आला त्या रात्री त्यांच्या घरात काय चाललं होतं एवढंच विचारावं. उत्तर ऐकून घ्यावं, बाजू मांडू नये. ते पुन्हा ग्रुपवर आले नाहीत तरी चालेल. अफवेच्या यादीत त्यांचा नंबर घालायला त्यांनी होकार दिला, तर तेवढं या खेपेला पुरे. आणि त्यांना विचारल्याशिवाय पुढच्या बैठकीची तारीख ठरवू नका.

नीलपक्षी

एवढ्यात भर घालते. जाणाऱ्याने 'तुम्ही परत या, आम्हाला तुमची गरज आहे' असंही म्हणू नये. मला ते वाक्य दोन्ही गटांनी म्हणून दाखवलं होतं. ग्रुपवर तो व्हिडिओ कुणी टाकला आणि अॅडमिनने तो किती तासांनी काढला, हे विचारणारं मात्र कुणी आलं नाही.

वाटाड्या (धागाकर्ता)

अॅडमिन मीच आहे. तो व्हिडिओ अजून तिथेच आहे. आत्ता काढतो, आणि उद्या संध्याकाळी त्यांच्याकडे जातो.